बुटाच्या खोक्याएवढा स्पीकर आणि त्यातला माणसाचा आवाज

भाचीने आजोबांच्या माळ्यावरच्या रेकॉर्ड खाली उतरवल्या, नवा रेकॉर्ड प्लेअर घेतला, घरातला जुना अॅम्प्लिफायर दुरुस्त करून आणला आणि मग स्पीकर शोधायला इंटरनेटवर बसली. रात्री साडेदहाला तिचा फोन. "मामा, हे काय आहे? बुटाच्या खोक्याएवढ्या दोन पेट्या, माझ्या जन्माच्याही आधीच्या, आणि किंमत लाखाच्या वर! त्याच काळातली दुसरी एक जोडी आहे, आत म्हणे तेच स्पीकर, आणि ती कितीतरी स्वस्त. कोण कोणाला फसवतंय?"

कोणीच फसवत नव्हतं, पण उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखंही नव्हतं. म्हणून हा लेख. तिच्यासाठी, आणि तिच्यासारखे जे कोणी पुन्हा घरात गाणं नीट बसून ऐकायला लागलेत त्यांच्यासाठी. मला हे जुने छोटे स्पीकर मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. आकार आणि वय बघून लोक त्यांना मोडीत काढतात, आणि त्यात त्या लोकांचंच नुकसान होतं.

पेटी मुळात लागते कशाला?

स्पीकर उघडून पाहिला तर आतली रचना साधी असते. कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा खोलगट कोन, त्याच्या मागे तांब्याच्या बारीक तारेची कॉइल, आणि ती कॉइल चुंबकाच्या फटीत अधांतरी. अॅम्प्लिफायरकडून वीज आली की कॉइल पुढे-मागे होते, तिच्यासोबत कोन हलतो, कोनाने हवा हलते. मोठा कोन जाड, खालचे आवाज काढतो, तो वूफर. लहानसा घुमट बारीक, वरचे आवाज काढतो, तो ट्वीटर. कुठला आवाज कोणाकडे जाणार हे ठरवणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. चाळणीत रवा घातला की जाड वर राहतो आणि बारीक खाली पडतो, तशी ही वाटणी. यापुढे हे तीन शब्द पुरेत.

आता वूफर पेटीतून काढून तसाच टेबलावर ठेवून वाजवला, तर तबल्यातला डग्गा जवळजवळ नाहीसा होतो. असं का होतं ते बादलीत हात घालून कळतं. पाण्यात तळहात हळूहळू पुढे ढकलला, तर पाणी पुढे सरकतच नाही, बोटांच्या कडेने वळसा घालून मागे येतं. सपकन थाप मारली तर मात्र लाट उठते. हवेचंही तसंच आहे. बारीक आवाजात कोन इतक्या झटझट हलतो की हवेला वळसा घालायला सवड मिळत नाही. जाड आवाजात ती सवड मिळते, आणि पुढची दाबलेली हवा मागच्या पोकळीत जाऊन मिटून जाते. पेटी हा वळसा अडवते.

गादीची खोळ आणि हवेची स्प्रिंग

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खोल बास हवा असेल तर फ्रिजएवढी पेटी घरात आणावी लागे. लहान बंद पेटीत अडकलेली हवा कोनाला उलट ढकलते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवून दांडा दाबून बघा, तो परत वर येतो. कोनाची स्वतःची कड आधीच ताठ, त्यात या हवेचा विरोध, त्यामुळे जाड आवाज निघायचाच नाही. बहुतेक इंजिनिअर या हवेला अडचण समजत होते.

अमेरिकेत एडगर विलचर नावाच्या माणसाने हा विचार उलटा केला. हवा स्प्रिंगचं काम करतेच आहे, तर करू दे. कोनाची कड मात्र अगदी सैल ठेवू. कापडाची किंवा कागदाची कड ताणली की कमी-जास्त ओढते आणि आवाज बिघडतो, उलट बंद हवेची ओढ जास्त एकसारखी असते. विलचरनी तयार वूफरची ताठ कड कापून टाकली आणि तिच्या जागी घरातल्या जुन्या गादीच्या खोळीचं कापड लावलं. त्या नव्या कडेचा नमुना त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी आखून दिला होता. १९५४ मध्ये विलचर आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचा पहिला स्पीकर, एआर-१, दोन फुटांहून थोडा लांब होता. आज तो आपल्याला मोठा वाटेल, पण त्या वेळच्या लोकांना एवढ्याशा पेटीतून एवढा बास निघतो हे खरं वाटेना.

मला ही गोष्ट फार प्रिय आहे, कारण आपल्या पुस्तकांच्या शेल्फवर बसणारा प्रत्येक स्पीकर कुठेतरी त्या गादीच्या खोळीपाशी जाऊन पोचतो.

फुकट काही मिळत नाही

क्लॉस यांनी १९५७ मध्ये दोन भागीदारांसोबत केएलएच ही दुसरी कंपनी काढली. त्या भागीदारांपैकी एक अँटन हॉफमन. स्पीकरच्या जगात आजही ज्याला 'हॉफमनचा पोलादी नियम' म्हणतात तो यांचाच. नियम सांगतो की खोल बास, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठलेही दोन घ्या, तिसरं सोडा.

तिसरी गोष्ट आपल्याकडे कोणालाही चटकन कळते, कारण ते स्पीकरचं मायलेज आहे. एक वॅट वीज दिली तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. इथे आठचा हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्पीकरने आहे त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंत, म्हणजे एक सप्तक खाली उतरावं असं वाटत असेल, तर मायलेज तेच ठेवून पेटी आठपट मोठी करा, नाहीतर पेटी तीच ठेवून आठपट वीज द्या. यातून कुठल्याही कंपनीची, कितीही महागड्या ब्रँडची सुटका नाही.

म्हणून छोट्या स्पीकरकडे बघताना मी एकच गोष्ट तपासतो: बनवणाऱ्याने काय सोडलं, आणि सोडताना कोणाचा विचार केला.

बीबीसीने माणसाचा आवाज राखला

इंग्लंडमध्ये बीबीसीचे इंजिनिअर नव्या स्टुडिओचा घुमारा आधीच तपासता यावा म्हणून खोलीची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती बनवून त्यात प्रयोग करत. त्या प्रयोगांसाठी केलेला छोटा स्पीकर ऐकायला फारच चांगला निघाला. बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत मोठा स्पीकर मावत नव्हता, आणि निवेदकाचा आवाज तर नीट तपासायला हवा होता. यातून १९७० च्या दशकात एलएस३/५ए तयार झाला. भाचीने पाहिलेली ती महागडी जोडी याचीच. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, आतली जागा पाच लिटरच्या आसपास. आपल्या घरातला तेलाचा पाच लिटरचा कॅन डोळ्यांसमोर आणा, तेवढीच.

वूफर पाच इंचांचा, ट्वीटर १९ मिलिमीटरचा, दोन्ही केईएफ कंपनीचे. मायलेज जेमतेम ८२-८३ डेसिबल. बाजारात आज सहज मिळणाऱ्या ८७-८८ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला याला तिप्पट वीज लागते. खोल बास नाही, लग्नाच्या हॉलला पुरेल असा दणकाही नाही. हे सगळं समजून-उमजून सोडलं, आणि मधला पट्टा, जिथे माणूस बोलतो आणि गातो, तो जिवापाड जपला.

पेटीच्या भिंतींची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. स्पीकर वाजला की त्याच्या फळ्यासुद्धा थरथरतात आणि आपला वेगळा आवाज मिसळतात. आपल्याला वाटेल, मग फळी जाड घ्यावी. बीबीसीने फक्त १२ मिलिमीटरचा बर्च प्लायवुड घेतला आणि आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या. स्टीलच्या ताटावर चमचा मारा आणि लगेच तळहात ठेवा, नाद थांबतो. ते काम या पट्ट्या करतात.

तोच ऐवज, गोल डब्यात

आता भाचीच्या दुसऱ्या जोडीकडे. ती होती जेआर१४९. रॉजर्स कंपनीचे संस्थापक जिम रॉजर्स यांनी ती कंपनी सुटल्यावर १९७७ मध्ये हा स्पीकर काढला. आत तोच केईएफचा वूफर, तोच ट्वीटर. पेटी मात्र लाकडाची चौकोनी नाही, अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा उभा गोल डबा, आणि त्याला भोवती फोमचं आवरण.

हा गोल आकार दिखाव्यासाठी नव्हता. वर्तमानपत्राचं पान एका कडेने धरलं तर मान टाकतं. तेच गुंडाळून नळी केली की ताठ उभं राहतं. सपाट पत्रा थरथरतो, वळवलेला पत्रा स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. शिवाय चौकोनी पेटीच्या धारदार कडांवर आवाज आदळून थोडा विस्कटतो, गोल डब्याच्या बाजूंना तशा कडाच नसतात. डांबरी पट्ट्यांनी जे साधलं, तेच इथे आकाराने साधलं.

दोन्हींचा आवाज हुबेहूब सारखा नाही, कारण क्रॉसओव्हर वेगळा आहे. तरी किमतीत जेवढी दरी आहे तेवढी आवाजात नाही, असं मी खात्रीने सांगतो. एलएस३/५ए बनवण्याचं लायसन्स बीबीसीने अनेक कंपन्यांना दिलं, प्रत्येक जोडी ठरलेल्या मापात बसलीच पाहिजे अशी अट घातली, आणि 'बीबीसी' या तीन अक्षरांमुळे पुढे संग्राहक त्यांच्या मागे लागले. डब्यावर ती तीन अक्षरं नव्हती. बाजार नावाला पैसे मोजतो, हे पैठणीपासून हापूसपर्यंत आपण रोज बघतो. ज्याला गाणं ऐकायचंय त्याने नावाच्या पलीकडे बघितलं तर त्याच्यासाठी बरंच काही पडलेलं आहे.

"पण यात बास कुठाय?"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो, आणि तो खरा आहे. असा स्पीकर साधारण ७०-८० हर्ट्झच्या खाली झपाट्याने दम सोडतो. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. क्लबमधलं नाचगाणं किंवा सिनेमातले स्फोट ऐकायचे असतील तर दुसरं काहीतरी घ्या.

आपल्या संगीताचा हिशोब मात्र मांडून बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर. म्हणजे गायकाचा मुख्य आवाका या स्पीकरच्या हुकमी पट्ट्यात आहे आणि खर्ज अगदी काठावर आहे. तरीही त्यातून खर्ज ऐकू येतो! याचं कारण आपला कान. तार छेडली की तिच्या मूळ कंपनाबरोबर दुपटीची, तिपटीची, चौपटीची कंपनंही उठतात. ती वरची कंपनं कानावर नीट पडली की मेंदू खालचं मूळ कंपन स्वतःच जोडून घेतो. जुन्या लँडलाइन फोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच येत नसे, तरी वडिलांचा घोगरा, भारदस्त आवाज आपण "हॅलो"लाच ओळखायचो. तंबोरा तर अशा वरच्या कंपनांनी भरलेलाच असतो. तारेला झंकार देणारी जव्हारी नीट लागलेली असेल तर छोट्या स्पीकरवर त्याचा झंकार खोलीभर पसरतो.

डग्ग्याचा पोटातला घुमारा थोडा कमी होतो, हे मान्य. डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घिस्सा मात्र इतका स्वच्छ ऐकू येतो की मनगट कधी दाबलं आणि कधी सोडलं ते कळावं.

"माझा ब्लूटूथ स्पीकर याहून लहान आहे, तरी धडधडतो"

हॉफमनचा नियम त्यानेही मोडलेला नाही. त्याच्या आत एक चिप बसलेली असते. आवाज कमी असताना ती बास मुद्दाम खूप वाढवते, आणि आपण आवाज वाढवायला लागलो की कोन फाटू नये म्हणून गुपचूप बास कमी करत जाते. गाणं हळू लावून ऐका, मग पूर्ण मोठं करा, डग्गा मागे पडत गेलेला जाणवेल. प्रवासात, गच्चीवर ते यंत्र उपयोगी आहे, माझ्याकडेही एक आहे. पण डावा-उजवा आवाज एकाच डब्यातून आला की गायक मध्ये, तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला, अशी बैठक डोळ्यांसमोर उभी राहत नाही. दोन वेगळ्या पेट्या ती उभी करतात.

"चाळीस वर्षांत तंत्रज्ञान पुढे गेलं असेलच की"

गेलं. नव्या स्पीकरचे ट्वीटर जास्त स्वच्छ असतात, आवाज खोलीत कसा पसरतो याचा अभ्यास वाढलाय, आणि चांगली वस्तू पूर्वीपेक्षा स्वस्तात बनते. पण चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर आणि चाळीस वर्षांपूर्वीचा स्पीकर यांचं म्हातारपण एकसारखं नसतं. कोन, कॉइल, चुंबक, पेटी हे सगळं तेच आहे. वूफरला किती मोठी पेटी लागेल याचं गणित ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण केलं, आणि आजचे इंजिनिअर तेच वापरतात. त्यानंतरच्या दहा वर्षांत बनलेले छोटे स्पीकर इतके चांगले निघाले याचं एक मोठं कारण हेच गणित, असं मला वाटतं.

सगळं जुनं सोनं असतं असं मात्र नाही. त्या काळात झगमगीत पट्ट्या लावलेल्या, आत चार-चार हलके स्पीकर कोंबलेल्या मोठ्या पेट्याही भरपूर विकल्या गेल्या, त्यांच्यापासून लांब राहा. उलट यामाहाचा एनएस-१०एम १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला तेव्हा त्याचं फारसं स्वागत झालं नाही. पुढे त्याचा पांढरा कोन जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंतल्या टेबलांवर दिसायला लागला.

"जुनं म्हणजे झिजलेलं"

इथे मी हात पोळून घेतलेत. पहिली जोडी घेतली तेव्हा कोनाभोवतीची कड फोमची आहे याकडे लक्ष दिलं नाही. जून उलटला, आणि एका रात्री वूफरमधून भुरभुर आवाज यायला लागला. जाळी काढून बोट लावलं तर कड काळ्या चिकट चुऱ्यासारखी हाताला आली. फोमचा हा प्रकार दमट हवेत आपोआप विरघळत जातो, वाजवा की नुसता ठेवा. मुंबई, कोकण, गोव्यात तर हे आणखी लवकर. फोमची कड नवी बसवता येते, पण बसवणारा हात चांगला हवा. रबराची किंवा कापडाची कड असेल तर पुष्कळ काळजी मिटते.

दुसरी जोडी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. रविवारची सकाळ, जमिनीवर ताडपत्री, त्यावर मिक्सरची भांडी, कुलपं, आणि त्यात दोन काळ्या धातूच्या पेट्या, उंची वीतभरही नाही, पण उचलल्या तर हाताला वजन लागलं. रियलिस्टिक मिनिमस-७. अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत वर्षानुवर्षं स्वस्तात विकला गेलेला, चार इंची वूफर आणि एक इंची घुमटाचा ट्वीटर असलेला स्पीकर. कोणीतरी तिकडून येताना सामानातून आणला असणार. तिकडचा अॅम्प्लिफायर आणला तर ११० व्होल्टची भानगड असते. अशा साध्या स्पीकरला प्लगच नसतो, त्यामुळे तो कुठेही चालतो.

तिथेच उकिडवा बसून मी तीन गोष्टी तपासल्या. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो अलगद, सरळ आत दाबला आणि कान जवळ नेला. खरखर आली तर कॉइल घासतेय, तो स्पीकर सोडून द्यायचा. मग खिशातल्या दीड व्होल्टच्या सेलच्या दोन वायरी मागच्या दोन टोकांना क्षणभर टेकवल्या. 'टक' आवाज आला, कोन हलला, म्हणजे वूफर जिवंत. शेवटी मल्टिमीटर लावून विजेला होणारा विरोध मोजला, त्याचं माप ओहम. आठ ओहमचा म्हणून विकला जाणारा स्पीकर मीटरवर साधारण सहा-सात दाखवतो, ते बरोबर असतं. अगदी शून्य किंवा अनंत आलं तर गडबड आहे. ट्वीटरचं खरं-खोटं मात्र गाणं लावल्यावरच कळतं, कारण क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर, दुरुस्तीवाले ज्याला कंडेन्सर म्हणतात, सेलची वीज त्याच्यापर्यंत जाऊ देत नाही. हा कंडेन्सरही वयाने सुकतो, आणि मग वरचे आवाज मंद होतात. बदलायला फार खर्च येत नाही. पण दोन्ही पेट्यांतले एकदमच, एकाच मापाचे बदला.

ठेवायचे कुठे?

लोखंडी कपाटावर, छताला टेकवून ठेवू नका, आणि दोन्ही एकाच शोकेसच्या एकाच खणात कोंबू नका. बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला यावा. दोन पेट्यांमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावर आपण. छोट्या खोलीत हे सहा-सात फूट होतं, आणि या अंतरावर त्यांना कमी मायलेजही पुरतं. भिंतीच्या जवळ सरकवले तर बास थोडा भरतो, फार चिकटवले तर आवाज गढूळ होतो. दर वेळी चार बोटं सरकवत ऐका, एक जागा सापडते.

भाचीने शेवटी गोल डबेच घेतले. पहिल्या दिवशी पुन्हा फोन, रडवेली. "मामा, बास अजिबात नाही, आणि गायक कुठे उभा आहे तेच कळत नाही, सगळीकडून येतोय आवाज." मी म्हटलं, एका स्पीकरच्या मागची लाल आणि काळी वायर बघ. एका पेटीत ती उलटी लागली होती. एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जात होता, आणि बादलीतल्या पाण्यासारखं दोघं एकमेकांचा जाड आवाज पुसून टाकत होते. तिने फोन चालू ठेवूनच वायर बदलल्या आणि तीच रेकॉर्ड पुन्हा लावली. तंबोरा सुरू झाला, पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही, मग ती हळूच म्हणाली, "मामा, मध्ये बसलेत ते. बरोब्बर मध्ये."